पुन्हा सुई ठेवताना

१९७७ साली अमेरिकेची नासा ही संस्था व्हॉयेजर नावाची दोन याने सूर्यमालेपलीकडे पाठवण्याच्या तयारीत होती. यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी जाणार होती आणि तिच्यावर पृथ्वीवरच्या संगीताचे सुमारे दीड तासाचे नमुने असणार होते. भारताच्या वाट्याला एकच जागा आली. काय निवडावे, हा प्रश्न कार्ल सेगन यांच्या गटाने संगीतशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन यांना विचारला. ब्राउन यांनी नाव सुचवले ते केसरबाई केरकरांच्या भैरवीचे, ‘जात कहाँ हो’चे. मात्र ती रेकॉर्ड तोवर बाजारातून नाहीशी झाली होती. शोधाशोध करता करता न्यूयॉर्कच्या लेक्सिंग्टन ॲव्हेन्यूवर, एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या उपकरणांच्या दुकानात, टेबलाखाली सरकवलेल्या खोक्यात तिच्या प्रती मिळाल्या. २० ऑगस्ट आणि ५ सप्टेंबरला याने उडाली. १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. गोव्यातल्या केरी गावी १८९२ साली जन्मलेल्या या गायिकेची साडेतीन मिनिटे तेव्हापासून प्रवासात आहेत.

एक जाणता माणूस, त्याची ठाम शिफारस, बाजारातून उडालेली रेकॉर्ड आणि नशिबाने हाती लागलेले खोके. हिंदुस्थानी संगीताच्या ‘ऐकलीच पाहिजेत’ अशा ध्वनिमुद्रणांची जी यादी पिढ्यान्‌पिढ्या एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या कानी पडत आली, ती बव्हंशी अशीच घडली आहे. जाणकारी तिच्यात आहेच. पण कोणी गायला होकार दिला, तबकडीची एक बाजू किती मिनिटांची होती, कंपनीने कोणती रेकॉर्ड पुन्हा छापली आणि कोणती सोडून दिली, यांचा हात तिच्यात जाणकारीइतकाच आहे. ही यादी पुन्हा उघडून, प्रत्येक नावापाशी थांबून, आज ताज्या कानाने काय ऐकू येते हे सांगण्यासाठी हे पुस्तक लिहिले आहे.

युरोपीय संगीतात अशा शिफारशींची परंपरा जुनी आहे. ‘ग्रामोफोन’ हे मासिक १९२३ पासून निघते आणि बीबीसीच्या रेडिओवर एकाच रचनेची अनेक ध्वनिमुद्रणे शेजारी शेजारी ठेवून त्यातले एक निवडण्याचा कार्यक्रम १९५७ पासून चालू आहे. तिथे तुलनेला पक्का पाया असतो. बेथोव्हेनची पाचवी सिंफनी कागदावर लिहिलेली आहे. वादकसमूह बदलतो, संचालक बदलतो, रचना तीच राहते. आपल्याकडे ‘मारवा कोणाचा ऐकावा?’ असा प्रश्न कोणी विचारला, तर त्यात आधी चार प्रश्न दडलेले असतात. कोणत्या घराण्याचा, कोणत्या बैठकीतला, गवय्याच्या कोणत्या वयातला, आणि किती वेळ गायलेला? राग हा आराखडा आहे. गाणे त्या त्या संध्याकाळी घडते. म्हणून इथे शिफारस करणाऱ्याला एका रचनेच्या दहा प्रतींतून एक काढायची नसते. हजारो संध्याकाळींपैकी ज्या थोड्या कशाबशा टिकल्या, त्यांच्यातून निवड करायची असते.

त्या का आणि कशा टिकल्या, इथूनच सुरुवात करायला हवी.

नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायस्बर्ग कलकत्त्यात येऊन उतरला. गाणाऱ्याने मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचे आणि आवाजाच्या जोराने मेणाच्या तबकडीवर खाच उमटायची, अशी ती पद्धत होती. मायक्रोफोनचा अजून पत्ता नव्हता. मूळ तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या आणि तिथून छापून यायच्या. तिथल्या कारागिरांना नावे कळावीत म्हणून गाणे संपले की कलावंताने आपले नाव पुकारायचे. गौहर जान आपले नाव इंग्रजीत कसे सांगते, हे आजही त्या तबकड्यांवर ऐकता येते. ते ऐकून हसू येते खरे, पण त्या क्षणी काय घडत होते ते लक्षात घेतले पाहिजे. रात्रभर चालणारी कला तीन मिनिटांच्या डबीत बसवण्याची कसरत कलावंत पहिल्यांदाच करत होते आणि समोर दाद देणारे कोणी नव्हते.

या कसरतीला उभे राहण्यात कमीपणा मानणारे होते, आणि आवाज चोरला जाईल या भीतीने दूर राहणारेही होते. आपले नुकसान असे की ज्यांच्यापासून जयपूर गायकीची कथा सुरू होते त्या अल्लादिया खाँसाहेबांचा आवाज उरला नाही. भास्करबुवा बखल्यांचाही नाही. बालगंधर्वांसारखा शिष्य घडवणारे बुवा १९२२ साली गेले, तेव्हा ध्वनिमुद्रण या देशात येऊन वीस वर्षे झाली होती! त्यामुळे जयपूरची कोणतीही शिफारसयादी शिष्यांपासून सुरू होते, आणि शिष्यांच्या गाण्यातून गुरूचे गाणे ताडावे लागते. यादी वाचताना तिच्यात नसलेली नावेही अशी वाचावी लागतात.

जे गायले त्यांनी त्या तीन मिनिटांची स्वतंत्र कला केली. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या १९३० च्या दशकातल्या तबकड्या हा तिचा कळस. विद्युत ध्वनिमुद्रण तोवर आले होते. ओरडून गाण्याची गरज उरली नव्हती, आणि खाँसाहेबांचा हळवा, पातळ, सुरात विरघळणारा आवाज मायक्रोफोनने जसाच्या तसा उचलला. झिंजोटीची त्यांची रेकॉर्ड लहानपणी दुकानासमोर उभे राहून ऐकली आणि गाण्याचे वेड लागले, असे पंडित भीमसेन जोशी सांगत. जाहिरात नाही, परीक्षण नाही. रस्त्यावरच्या मुलाच्या कानावर पडलेली एक तबकडी. हिंदुस्थानी संगीतात याहून मोठा परिणाम घडवलेली शिफारस शोधून सापडणार नाही.

पण या तबकड्यांतून एक गैरसमजही पसरला. पाऊण तासाचा ख्याल तीन मिनिटांत मांडायचा तर आलापी कापावी लागते, अस्थायीनंतर लगेच ताना घ्याव्या लागतात. पुढच्या श्रोत्यांनी ही काटछाट म्हणजेच गायकी समजली. ‘जुने लोक फार चपळ गात’ असे जे सर्रास म्हटले जाते, त्याचे मूळ बरेचसे तबकडीच्या लांबीत आहे. हे वाक्य आता सोडून द्यावे.

रेडिओने दुसरे दालन उघडले. आकाशवाणीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५२ साली सुरू झाला आणि दीर्घ ख्याल घरोघरी पोहोचला. आग्र्याच्या फैयाज खाँसाहेबांचे रेडिओवरचे गाणे याआधीचे. नोमतोमपासून मांडत नेलेले ते गाणे ऐकले की त्यांच्या तबकड्या चांगल्या असूनही केवळ ओळख करून देणाऱ्या वाटतात. रेडिओच्या ध्वनिमुद्रणांना तारखेचा एक सुगावाही असतो. १९४० पासून आकाशवाणीवर पेटीला बंदी होती, ती सैल झाली १९७१ मध्ये. मधल्या तीस वर्षांतले म्हणून कोणी एखादे रेडिओ-ध्वनिमुद्रण दाखवले आणि त्यात पेटी ऐकू आली, तर बहुधा तपशिलात घोटाळा आहे असे समजावे. सारंगी असेल तर पुढे चौकशी करावी. अशा लहान खुणा या पुस्तकात पानोपानी वापरल्या आहेत.

मग आली एलपी. पश्चिमेत ती १९४८ साली आली; आपल्या संगीतासाठी तिचा पहिला मोठा टप्पा १९५५ मध्ये न्यूयॉर्कला गाठला गेला, उस्ताद अली अकबर खाँच्या सरोदवादनाच्या रेकॉर्डने. एका बाजूला एक राग, सुरुवातीला यहुदी मेन्युइन यांचे प्रास्ताविक, तबल्यावर चतुरलाल. वीस-बावीस मिनिटांची बाजू मिळाल्याने विलंबितला प्रथमच जागा झाली. मुंबईत एचएमव्हीमध्ये हे काम पाहणाऱ्यांपैकी एक होते जी. एन. जोशी. ‘रानारानांत गेली बाई शीळ’ गाणारे हे भावगीतगायक १९३८ मध्ये कंपनीत गेले आणि पुढची तीसेक वर्षे मोठमोठ्या कलावंतांची मनधरणी करून त्यांना स्टुडिओत आणत राहिले. ‘स्वरगंगेच्या तीरी’ या पुस्तकात त्यांनी या आठवणी लिहिल्या आहेत. ज्यांना आज आपण आदर्श ध्वनिमुद्रणे म्हणतो त्यांच्यापैकी कितीतरी अशा चिकाटीच्या माणसामुळे झाली. तो माणूस दुसऱ्या आवडीचा असता तर यादीही दुसरी झाली असती.

उस्ताद अमीर खाँ यांची मारवा आणि दरबारीची एलपी याच काळातली, १९६० च्या सुमाराची. गेल्या साठ-पासष्ट वर्षांत शिफारशीच्या जवळजवळ प्रत्येक यादीत ती आहे, आणि या पुस्तकानेही ती ठेवली आहे. का ठेवली, ते ऐकूनच समजून घ्यावे. मारव्यात पंचम नाही, आणि षड्‌ज असूनही त्याच्यावर विसावायचे नाही. झुमऱ्याच्या संथ लयीत खाँसाहेब कोमल रिषभ आणि धैवत यांच्यामध्ये घुटमळत राहतात. कान षड्‌जाची वाट पाहतो. तो येतो, पण स्पर्श करून निघून जातो. सूर्य बुडाला आहे आणि दिवे अजून लागलेले नाहीत, अशा वेळेची ती हुरहुर आहे. तबल्याचा ठेका साधा, एकही बोल जास्तीचा नाही. बाजूची मर्यादा इथे जाचत नाही, कारण गाणाऱ्याने त्या मर्यादेचाच आकार रागाला दिला आहे. शिवाय हे गाणे एकट्याने, रात्री, अंधारात ऐकता येते. मैफलीचे गाणे नेहमी तसे ऐकता येत नाही.

किशोरीताई आमोणकरांच्या भूपाचे तसे नाही. एका बाजूला भूप, दुसऱ्या बाजूला बागेश्री अशी ती एलपी महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत सकाळ-संध्याकाळ वाजली. ‘सहेला रे’ लोकांना इतके पाठ झाले की भूप म्हणजे तोच, असे होऊन बसले. ताईंनी पुढे कितीतरी वर्षे भूप गायला आणि तो बदलत गेला. श्रोत्याला मात्र तबकडीतलाच हवा असे. एखादे ध्वनिमुद्रण फार आवडते झाले की ते रागाच्या आणि कलावंताच्याही वाटेत उभे राहते. ही एलपी यादीतून काढावी असे इथे म्हणायचे नाही; तिच्याइतका स्वच्छ भूप दुर्मीळ आहे. म्हणायचे एवढेच की तिच्या जोडीला ताईंचा एखादा मैफलीतला भूप ऐकल्याशिवाय तिची शिफारस अपुरी राहते.

कॅसेटच्या युगाबद्दल थोडक्यात. १९८० च्या दशकात ध्वनिमुद्रण स्वस्त झाले आणि मोठ्या कंपनीची मक्तेदारी ओसरली. पुण्यातल्या अलूरकर म्युझिक हाऊससारख्या ठिकाणाहून, जे गाणे एरवी कधीच बाजारात आले नसते ते घरी नेता येऊ लागले. पुढे सीडीने एका रागाला सलग सत्तर मिनिटे दिली. लंडनच्या नवरस, न्यूयॉर्कच्या इंडिया आर्काइव्ह म्युझिक यांसारख्या लहान प्रकाशकांनी लांब, न कापलेले गाणे-वाजवणे आणले. पंडित निखिल बॅनर्जींचे उदाहरण इथे ठळक आहे. १९८६ मध्ये ते गेले तेव्हा त्यांच्या स्टुडिओतल्या रेकॉर्डी लोकांना ठाऊक होत्या. रॉटरडॅमच्या १९७० च्या मैफलीसारखी ध्वनिमुद्रणे नंतर बाहेर आली आणि त्यांचे खरे वादन तिथे आहे हे कळले. निखिलदांच्या बाबतीत जुन्या यादीतल्या स्टुडिओ-रेकॉर्डी बाजूला ठेवायला या पुस्तकाने मागेपुढे पाहिलेले नाही.

शिफारस करणाऱ्यांचेही काही पंथ आहेत, आणि नव्या वाचकाला ते माहीत असलेले बरे.

पहिला पंथ संग्राहकांचा. लाखेच्या तबकड्या जुन्या बाजारातून, भंगारवाल्याकडून, वाड्याच्या माळ्यावरून गोळा करणारी ही माणसे. मुंबईतल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सने १९९० पासून या छंदाला शिस्त दिली. ऑस्ट्रेलियाचे मायकल किनियर यांनी १८९९ ते १९०८ या काळातल्या ग्रामोफोन कंपनीच्या भारतीय ध्वनिमुद्रणांची सूची १९९४ मध्ये छापली आणि अंदाजांच्या जागी क्रमांक आणि तारखा आल्या. संग्राहकांचे ऋण फेडता येणार नाही. त्यांची एक ओढ मात्र ओळखून असावे: दुर्मीळ ते श्रेष्ठ, असे त्यांना नकळत वाटू लागते.

दुसरा पंथ मैफलीतल्यांचा. ‘तुम्ही रेकॉर्ड ऐकता, आम्ही बुवांना समोर ऐकले आहे’, हे त्यांचे पालुपद. स्पूलचा टेपरेकॉर्डर आला तसे याच मंडळींनी घरगुती बैठका टिपल्या. त्या टेपा हातोहात फिरल्या, एकीवरून दुसरी झाली, दुसरीवरून तिसरी. बडे गुलाम अली खाँसाहेबांचे ऐसपैस गाणे, केसरबाईंचे उतारवयातले गाणे, मल्लिकार्जुन मन्सूरअण्णांचे ऐन भरातले गाणे पुष्कळसे या टेपांमुळे आपल्यापर्यंत आले. त्यांच्यात पंख्याची घरघर आहे, कपबश्यांचा आवाज आहे, ‘क्या बात है’ आहे. आणि गाणेही आहे, मोकळे, वेळेचा धाक नसलेले.

तिसरा पंथ समीक्षकांचा, आणि इथे मराठीची कामगिरी मोठी आहे. गोविंदराव टेंबे, केशवराव भोळे, बी. आर. देवधर यांनी ऐकलेल्या गाण्याबद्दल नेमकेपणाने लिहायला शिकवले. वामनराव देशपांडे यांच्या ‘घरंदाज गायकी’ने १९६१ साली घराण्यांची मांडणी सूर आणि लय या दोन टोकांमध्ये केली: किराणा सुराच्या टोकाला, आग्रा लयीच्या टोकाला, जयपूर दोहोंच्या समतोलावर. अशोक दा. रानडे यांनी या विचाराला आणखी शास्त्रशुद्ध बैठक दिली. ही चौकट इतकी उपयोगी ठरली की पुढच्या अनेक याद्या घराण्यांच्या खणांप्रमाणेच बनल्या, प्रत्येक खणात दोन-तीन नावे. पण माणसे खणात मावत नाहीत. मल्लिकार्जुन मन्सुरांच्या १९३० च्या दशकातल्या सुरुवातीच्या तबकड्या ऐका: ते नीलकंठबुवांकडे शिकलेले ग्वाल्हेरचे गाणे आहे. मग मंजी खाँ, बुर्जी खाँ यांच्याकडच्या तालमीनंतरचे ऐका. मग ऐंशीच्या घरात पोहोचतानाचे. एकाच माणसाची ही तीन गाणी एका खणात कशी घालणार? कुमार गंधर्वांना, कुमारजींना, तर कोणत्या खणात ठेवायचे, हा वाद अजून मिटलेला नाही, आणि तो मिटवण्याची गरजही नाही.

शेवटचा पंथ शिकणाऱ्यांचा. त्यांना ध्वनिमुद्रण रसास्वादासाठी नको असते, तालमीसाठी हवे असते. बंदिशीचे शब्द स्वच्छ लागतात का, सम कशी गाठली, अवघड रागात कोणत्या स्वरावर पाय ठेवला, हे त्यांना पाहायचे असते. त्यांच्या शिफारशी रसिकांना कोरड्या वाटतात. तरी जयपूरच्या अनवट रागांसाठी माई मोगूबाई कुर्डीकरांचे गाणे आधी ऐका, हा त्यांचा सल्ला शंभर टक्के बरोबर आहे. माईंची बढत इतकी शिस्तशीर आहे की राग वहीत उतरवून घ्यावा.

आता एक तांत्रिक गोष्ट, पण जुने ऐकायचे तर तिच्याकडे डोळेझाक करून चालणार नाही. ७८ फेऱ्यांची म्हणून ओळखली जाणारी तबकडी दर वेळी ७८ फेऱ्यांनीच कोरलेली नसे. विशेषतः सुरुवातीच्या काळात यंत्राचा वेग कमी-जास्त होई. समजा, एखादे गाणे मिनिटाला साडेत्र्याहत्तर फेऱ्यांनी कोरले गेले आणि नंतर कोणी ते ७८ च्या वेगाने वाजवून घेतले. पट्टी एका घराने चढते, काळी एकची पांढरी दोन होते. तान हवी त्याहून चपळ होते, आवाज बारीक होतो, आणि ‘बुवांचा आवाज बायकी होता’ अशी दंतकथा तयार होते. वेग नीट लावला की तोच आवाज छातीतून येऊ लागतो. दुसरा अपराध सफाईचा. खरखर काढण्याच्या नादात संगणकावर वरचे नाद छाटले जातात. त्यांच्याबरोबर तंबोऱ्याची जवारी जाते, गाणाऱ्याचा श्वास जातो, शब्दांची धार जाते. उरते ते कापसात गुंडाळलेले गाणे. एकाच तबकडीच्या चार प्रती आज उपलब्ध असतील तर त्यांतली सर्वांत ‘स्वच्छ’ प्रत अनेकदा सर्वांत वाईट असते. म्हणून शिफारस करताना कोणते गाणे एवढे सांगून भागत नाही, कोणती प्रत हेही सांगावे लागते. या पुस्तकात ते सांगितले आहे.

हे सगळे आजच का, याचे उत्तर प्रत्येकाच्या खिशात आहे. पूर्वी अडचण टंचाईची होती. कुमारजींची एखादी टेप ऐकायला माणसे दुसऱ्या गावी जात. आज फोनवर अमर्याद गाणे आहे आणि अडचण नेमकी उलटी आहे. एकच ध्वनिमुद्रण पाच नावांनी फिरते. मियाँ मल्हारला नुसते ‘मल्हार’ म्हटलेले असते, तबल्यावर कोण याचा पत्ता नसतो, साल नसते, विलंबित छाटून फक्त द्रुत ठेवलेले असते. काही ठिकाणी तर एका गायिकेच्या नावावर दुसरीचे गाणे आहे. यंत्र जे जास्त ऐकले गेले तेच पुढे करते, त्यामुळे आधीच प्रसिद्ध असलेली वीस-पंचवीस ध्वनिमुद्रणे आणखी प्रसिद्ध होतात आणि बाकीची आणखी खाली जातात. जुन्या यादीतला अपघात असा आता आपोआप पक्का होत चालला आहे. त्याच वेळी एक चांगली गोष्टही घडते आहे. भारतीय कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षांनी संपतो. लाखेच्या तबकड्यांचे जवळजवळ सगळे भांडार आणि सुरुवातीच्या एलपी त्यामुळे सर्वांसाठी खुल्या झाल्या आहेत, किंवा होत आहेत. म्हणजे दार उघडले आहे आणि आत दिवा नाही, अशी आजची स्थिती आहे.

पूर्वी हा दिवा घरातला किंवा शेजारचा कोणी वडीलधारा धरत असे. ‘आधी हे ऐक, ते नंतर’, एवढे सांगणारा. असा माणूस आज प्रत्येकाला लाभेलच असे नाही. डोंबिवलीतल्या मुलाला नाही, न्यू जर्सीतल्या मराठी मुलीलाही नाही. त्या माणसाची जागा एखादे पुस्तक पूर्णपणे घेऊ शकणार नाही, पण सोबत करू शकते.

या पुस्तकाने त्यासाठी धरलेली रीत साधी आहे आणि कष्टाची आहे. परंपरेने शिफारस होत आलेले ध्वनिमुद्रण आधी पुन्हा ऐकायचे, तेही एकदा नव्हे. ते कधी, कुठे, कोणाच्या साथीने झाले हे जितके खात्रीने कळते तितके लिहायचे. खात्री नसेल तिथे अंदाज करायचा नाही. मग त्याच कलावंताचे, शक्य तर त्याच रागाचे, दुसरे ध्वनिमुद्रण शेजारी ठेवायचे, आणि त्याच रागाचे दुसऱ्या घराण्यातले तिसरे. त्यानंतर निकाल: ठेवावे, बदलावे की काढावे. निकाल देताना पुस्तक कचरत नाही. ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही शिवकुमार शर्मा, ब्रिजभूषण काब्रा आणि हरिप्रसाद चौरसिया यांची १९६७ ची लोकप्रिय रेकॉर्ड उंबरठा म्हणून मानाने ठेवली आहे. घर मात्र आत आहे असे स्पष्ट सांगितले आहे. भीमसेनजींच्या बाबतीत नेहमीची अडचण उलटी होते, इतके गाणे उपलब्ध आहे की वाचक गोंधळावा. तिथे पुस्तकाने साठ-सत्तरच्या दशकांतल्या मैफली आणि रेडिओच्या ध्वनिमुद्रणांकडे कल दाखवला आहे. तो वादाचा विषय होईल आणि व्हावा. हिराबाई बडोदेकरांना जुन्या याद्यांमध्ये ‘गोड गळा’ एवढ्यावर बोळवले जाई. त्यांच्या ख्यालाला इथे हक्काची जागा मिळाली आहे, आणि हा या पुस्तकातला सर्वांत न्याय्य बदल आहे. ३४ व्या वर्षी गेलेले द. वि. पलुसकर, ‘चलो मन गंगा जमुना तीर’पुरते लोकांच्या लक्षात राहिलेले, ख्यालगायक म्हणून इथे पुन्हा भेटतात.

काही मर्यादाही आहेत. ध्रुपद आणि बीन यांच्यासाठी जेवढी जागा हवी होती तेवढी देता आलेली नाही, आणि कर्नाटक संगीताला हातच लावलेला नाही. तो दुसऱ्या जाणकारांचा प्रांत आहे. ठुमरीचा भाग हवा त्याहून छोटा झाला आहे. पुढच्या आवृत्तीत निदान एवढे तरी भरून निघावे.

पुस्तक ओळीने वाचायची गरज नाही. एखादा राग धरावा, त्यातली तीन ध्वनिमुद्रणे एका आठवड्यात ऐकावीत, एका बैठकीत नाही. रागाची वेळ पाळता आली तर पाळावी. भैरव रात्री अकराला ऐकून त्याच्याबद्दल मत बनवू नये. आधी ऐकावे आणि मग पुस्तकातला निकाल वाचावा. निकाल पटला नाही तर समासात स्वतःचा लिहावा.

आणि एक विनंती. महाराष्ट्रात आणि गोव्यात अजून कितीतरी घरांत स्पूल आणि कॅसेटा पडून आहेत. आजोबांनी किंवा काकांनी बैठकीत बसून टिपलेले गाणे त्यांच्यावर आहे. चुंबकीय फीत कायमची टिकत नाही. दमट हवेत तिला बुरशी लागते, वरचा थर सुटतो, आणि बिघडलेल्या यंत्रात एकदा वाजवण्याच्या हौसेने ती कायमची जाते. तेव्हा ती घरी वाजवून बघू नका. डबीवर जे लिहिले आहे ते आधी कागदावर उतरवून घ्या: गाव, साल, कोणाच्या घरी, तबल्यावर कोण, पेटीवर कोण. डबीवर काहीच नसेल तर घरातल्या ज्याला त्या रात्रीची आठवण असेल त्याला आजच विचारा. मग ती फीत हे काम जाणणाऱ्या संग्रहालयाकडे किंवा संग्राहकाकडे न्या. या पुस्तकातल्या काही उत्तम शिफारशी अशाच डब्यांतून आल्या आहेत.